पंगतीत पथ्याचं ताट वेगळं नको



आज गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५. भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे ऋषिपंचमी. काल बाप्पा घरी आले. रविवारी गौरी येतील आणि सोमवारी गौरीजेवण. तेव्हा आजचं चिंतन थेट स्वयंपाकघरातून. लिहिता लिहिता मध्येच उठून भाजी ढवळायला जावं लागतंय, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १०

भावार्थ असा. माणसाचा स्वभाव जसा, तसं त्याला अन्न आवडतं. सात्त्विक माणसाला आवडणाऱ्या अन्नाने सहा गोष्टी वाढतात: आयुष्य, मनाची शुद्धता, बळ, आरोग्य, सुख आणि आनंद. असं अन्न रसाळ असतं, स्निग्ध असतं, शरीरात टिकून बळ देणारं असतं आणि मनाला रुचणारं असतं. राजस माणसाला तिखट, आंबट, खारट, फार गरम, झणझणीत, रूक्ष, जळजळ करणारं अन्न प्रिय असतं. त्यातून दुःख, शोक आणि रोग येतात. आणि ज्याचा रस निघून गेला, जे शिळं झालं, वास मारू लागलं, उष्टं आहे, ते तामस.

मी हे श्लोक कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचले. तेव्हा सरळ हिशोब केला होता: भाजी, फळं, दूध म्हणजे सात्त्विक, वडापाव म्हणजे राजस, हॉस्टेलच्या मेसचं रात्रीचं जेवण म्हणजे तामस! पण नीट बघा, या तीन श्लोकांत एकाही पदार्थाचं नाव नाही. भगवंतांनी मेन्यू दिलेला नाही, परिणाम सांगितलेत. अन्न खाऊन काय होतं, ते बघा म्हणतात.

हे मला कळलं ते गेल्या वर्षीच्या गौरीजेवणात. आणि कळलं ते फार वाईट पद्धतीने.

मी वाढलेलं ताट

गेल्या वर्षी जून महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मधुमेह नऊ वर्षांचा होताच. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर तीन रात्री बसलो आणि त्या तीन रात्रींत मी देवाला एकच गोष्ट सांगत होतो: यांना घरी आण, पुढचं मी बघतो.

बाबा घरी आले, आणि मी खरंच 'बघायला' लागलो. स्वभावच तो. ऑफिसात प्रॉडक्शनवर काही पडलं की आम्ही आधी मॉनिटरिंग लावतो. घरी तेच केलं. एक्सेल शीट. सकाळची साखर, संध्याकाळची साखर, तेल किती चमचे, मीठ किती, पोळ्या किती. शीट मी फ्रिजवर चिकटवली. आई म्हणाली, "अरे, फ्रिजवर गणपतीचं चित्र होतं ना?" मी म्हटलं, "आई, गणपती बाजूला सरकवलाय, काढला नाही."

मग गौरी आल्या. आमच्याकडे नाशिकला बरेच जण महालक्ष्मी म्हणतात. पंगतीला बावीस माणसं. सिन्नरहून काका-काकू, ओझरहून आत्या आणि तिचं सगळं घर. आई पहाटे चारला सोवळ्यात. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, भजी, कुरडया, सगळं साग्रसंगीत.

आणि मी बाबांसाठी वेगळं ताट तयार केलं. मीठ न घालता उकडलेला दुधी. दोन कोरडे फुलके. काकडीच्या चकत्या. पंगत बसली. केळीची पानं मांडली, रांगोळ्या काढल्या, आणि एकवीस पानांच्या रांगेत एका जागी स्टीलचं ताट. मी ते अभिमानाने ठेवलं होतं, हेही सांगतो.

बाबांनी ताटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "मी बसत नाही, वाढायला उभा राहतो." कमरेला उपरणं बांधलं आणि बावीस जणांची पंगत वाढली. "आणखी एक पोळी घे रे", "आमटी वाढू का?", सगळ्यांना आग्रह. आत्या म्हणाली, "दादा, तू बस ना." तर म्हणाले, "घरच्या यजमानाने शेवटी जेवायचं असतं." सगळ्यांना ते छान वाटलं. मलाही वाटलं.

रात्री अकराला पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. बाबा ओट्यापाशी उभे होते. डब्यातून गार पुरणपोळी काढून, उभ्या उभ्या, अंधारात खात होते. दुसरी हातात होती. मला बघितल्यावर त्यांनी ती डब्यात परत ठेवली. एकसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने मला सायकल शिकवली, तो माझ्यासमोर चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. सकाळची साखर किती आली ते त्या दिवशी शीटमध्ये लिहिलेलं नाही. तेवढाच एक चौकोन अजून रिकामा आहे.

आई दोन दिवसांनी बोलली. गौरींचं विसर्जन करून आल्यावर. रागाने नाही, नुसती भांडी पुसता पुसता म्हणाली, "पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला एक वाढत नाहीत रे. तुझी आजी असती तर तुझ्या हातातून ताट काढून घेतलं असतं."

रूक्ष हा शब्द

त्या आठवड्यात मी हेच तीन श्लोक पुन्हा काढले. खरं तर आईला दाखवायला, की बघ, गीतेतही तिखट-तेलकट नको असं लिहिलंय. आणि नवव्या श्लोकात अडकलो. राजस अन्नाच्या यादीत सात शब्द आहेत. त्यातला एक शब्द मी इतक्या वर्षांत कधी नीट वाचलाच नव्हता: रूक्ष. कोरडं. ओलावा नसलेलं.

म्हणजे मी ज्याला सात्त्विक समजून बाबांपुढे ठेवलं होतं, तो बिनमिठाचा उकडलेला दुधी आणि कोरडा फुलका, भगवंतांच्या यादीत मिरचीच्या आणि खारटाच्या शेजारी बसलाय. आणि आठव्या श्लोकात सात्त्विक अन्नाची लक्षणं सांगताना काय म्हटलंय? स्निग्ध. मनाला रुचणारं. थोडा ओलावा हवा, थोडी चव हवी, खाणाऱ्याचं मन प्रसन्न व्हायला हवं.

आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात इथे एक बारीक पण फार मोलाची सूचना आहे. मूळ श्लोकात 'अति' हा शब्द 'उष्ण'ला जोडून आलाय. आचार्य म्हणतात, तो यादीतल्या प्रत्येक शब्दाला जोडून घ्या. अति तिखट, अति आंबट, अति खारट, अति रूक्ष. दोष चवीत नाही, अतीमध्ये आहे. कढईत अर्धी वाटी तेल ओतणं हे एक टोक. एक थेंबही नको म्हणून बापाच्या ताटातली चवच काढून घेणं हे दुसरं टोक. मी फक्त टोक बदललं होतं. राजसपणा तोच.

मग दहाव्या श्लोकाकडे आलो आणि त्या रात्रीची गार पोळी आठवली. पुरणपोळी दुसऱ्या दिवशीही छान लागते, आम्ही सगळे खातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण देवीचा प्रसाद, जो सगळ्यांसोबत उजेडात, गरम, तुपाची धार सोडून खायचा, तो एका माणसाला अंधारात लपून खावा लागला. त्या अन्नाचा रस कुठे गेला? तो मी काढून घेतला होता.

आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढण्यात भेद करणं. पूर्वी हा भेद मानपानावरून व्हायचा. कुणाला तूप जास्त, कुणाला कमी. आपल्या काळात तो काळजीच्या नावाने होतो. हेतू चांगला असतो म्हणून लक्षात येत नाही. पण ज्याच्या पुढे वेगळं ताट येतं, त्याला सगळ्या पंगतीसमोर कळतं की आपण आता यांच्यातले राहिलो नाही.

बारा दिवसांपूर्वी आपण गोपाळकाला केला. त्यात कृष्णाने काय केलं? प्रत्येक गोपाळाची शिदोरी वेगळी. कुणाकडे दही, कुणाकडे नुसते पोहे. त्याने सगळं एकत्र कालवलं आणि सगळ्यांना तेच दिलं. पेंद्यासाठी वेगळी वाटी ठेवली नाही.

इंजिनिअर मित्रांसाठी एका वाक्यात सांगतो. बाबा म्हणजे 'एज केस' असं समजून मी त्यांच्यासाठी एक वेगळी 'इफ कंडिशन' लिहिली आणि मूळ डिझाइनला हात लावला नाही. बदलायला हवा होता तो डिफॉल्ट. आणि बाबा एज केस तरी कुठे होते? या मार्चमध्ये आईचा रिपोर्ट काठावर आला. माझ्या रक्तातली चरबी चौतिसाव्या वर्षीच रेषेच्या वर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशातल्या मधुमेहींचा अंदाज दहा कोटींच्या वर दिला आहे. तुमच्या पंगतीतही किमान दोन-तीन जण असतीलच. सगळ्यांना स्टीलची ताटं मांडणार का?

ऋषींची भाजी

आता आज कढईत काय आहे ते सांगतो.

ऋषिपंचमीची भाजी. 'ऋषीची भाजी'ही म्हणतात. काल बुधवार होता, गंगाघाटावरच्या बाजाराचा दिवस, पण स्थापनेच्या गडबडीत जाणं झालं नाही. परवाच कोपऱ्यावरच्या मावशींकडून वाटा आणून ठेवला होता. या दिवसांत सगळ्या भाज्या थोड्या थोड्या एकत्र करून वाट्यानेच विकतात. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओल्या शेंगांचे दाणे. फोडणी नाही. तेलाचा थेंब नाही. हिरवी मिरची, मीठ, चिंचेचा कोळ आणि वरून ओलं खोबरं.

आजच्या दिवसाचा नियम असा की बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं नको, परसात हाताने लावलेलं, आपोआप उगवलेलं चालेल. आज सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा असते. सातांपैकी गौतम ऋषी तर आपल्या नाशिकचे! ब्रह्मगिरीवर त्यांच्या तपाने गोदावरी आली अशी परंपरेची श्रद्धा आहे, म्हणून तिला गौतमीही म्हणतात. ऋषी जसे राहत, तसं एक दिवस तरी खाऊन बघायचं, हा या भाजीचा भाव.

आता गंमत बघा. आज ही भाजी घरातले सगळे खातात. बाबाही, मीही, माझी सहा वर्षांची भाचीही, आणि दोन-दोन वेळा मागून घेतात. कुणी तिला 'डाएट' म्हणत नाही. कुणाचं ताट वेगळं होत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी अख्खं घर बिनतेलाचं जेवतं आणि कुणाला आपलं काही हिरावून घेतलंय असं वाटत नाही. कारण ती भाजी सगळ्यांची आहे, आणि ती चवदार आहे. चिंच, खोबरं, कणसाचा गोडवा, शेंगदाण्याचा स्निग्धपणा. ती रूक्ष नाही.

पंचांग उघडून बघा, सणांच्या रांगेत ही भाजी एकटी नाही. गौरीला कित्येक घरांत सोळा भाज्यांची एक भाजी. पौषात शाकंभरी देवीला भाज्यांचाच नैवेद्य. दुष्काळात आपल्या देहातून भाजीपाला निर्माण करून तिने जगाला जगवलं अशी तिची कथा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी: वांगी, गाजर, घेवडा, सोलाणे, पावटे, वर तिळाचं कूट, सोबत बाजरीची भाकरी. अरणचे संत सावता माळी, ज्यांना आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला, ते भाजीपाला पिकवत होते. आणि गीतेच्या नवव्या अध्यायात, भक्तीने दिलेलं काय काय मी स्वीकारतो हे भगवंत सांगतात, तिथे यादी पानापासून सुरू होते. तळणाचा उल्लेख नाही!

म्हणजे आरोग्य म्हणून बाहेरून काही आणायचं नाहीये. आपल्या ताटात जे होतं, ते आपणच आक्रसवत आणलंय. कोशिंबीर चमचाभर झाली, भज्यांची चळत झाली.

या जानेवारीत भोगीला आई आणि मी पहिल्यांदा एकत्र स्वयंपाक केला. मी शीट आणली नाही. तिने भाजी केली, मी भाकऱ्या थापल्या, म्हणजे थापायचा प्रयत्न केला. बाबांनी पाटावर बसून भाजी दोनदा घेतली. जेवून उठताना म्हणाले, "आज पोट भरलं." एवढंच. मी आत जाऊन डोळे पुसले.

सोमवारचं ताट

तर या सोमवारी गौरीजेवणाला काय करायचं, यावर मी आणि आई आठवडाभर बोलतोय. तिची पहिली अट: "माझ्या पुरणपोळीला हात लावायचा नाही." मान्य. पुरणपोळी पुरणपोळीच राहील, तुपासकट. बदल होईल तो तिच्या आजूबाजूला. जे ठरलंय ते लिहितो, तुमच्या घरी जे जमेल ते घ्या.

पहिलं, ताटाची डावी बाजू मोठी करायची. जुन्या वाढणीत मीठ वर मध्ये, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि उजवीकडे भाज्या. यंदा डावीकडे चमचाभर नाही, वाटीभर कोशिंबीर. दोन प्रकार. खमंग काकडी: काकडी चोचवून, दाण्याचं कूट, लिंबू, ओलं खोबरं आणि सगळ्या वाडग्यावर मिळून एक चमचा तुपाची जिऱ्याची फोडणी. मीठ वाढायच्या अगदी आधी घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटतं आणि मग चव यावी म्हणून आपण आणखी मीठ-साखर घालत बसतो. दुसरी, लाल भोपळ्याचं भरीत: भोपळा वाफवून, दह्यात कुस्करून, मोहरी फेसून. भोपळा मुळातच गोडसर, साखर लागत नाही.

दुसरं, बटाट्याची भाजी राहील, पण बटाटा निम्मा. उरलेला निम्मा फरसबी आणि मटार. तेल कढईत बाटलीने ओतायचं नाही, पोह्याच्या चमच्याने मोजून घालायचं. साधारण १४ ग्रॅम तेलात १२० कॅलरी असतात. हाताने ओतताना असे पाच-सहा भाग कधी पडतात कळतही नाही. मोहरी तडतडायला थोडं तेल पुरतं. भाजी मग झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजते.

तिसरं, अळू दोन रूपांत. फदफदं हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून, गूळ नेहमीच्या निम्मा. आणि अळूवडी उकडून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून, कढईत न तळता. अळू आणि सुरण दोन्ही नीट शिजवा आणि चिंच किंवा कोकम विसरू नका. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खवखवतो. आजींना हे नाव माहीत नव्हतं, चिंच माहीत होती.

चौथं, सोळा भाज्यांची भाजी आजच्यासारखीच, फक्त तुपाच्या हलक्या फोडणीची. आधी सुरण, कच्चं केळं, दाणे, मग भोपळा, पडवळ, दोडका, पालेभाजी त्यानंतर, खोबरं आणि कोथिंबीर शेवटी. सगळं एकदम टाकलं तर अर्धं कच्चं राहतं आणि अर्ध्याचा लगदा होतो.

पाचवं, मीठ. नैवेद्याचं चाखून बघत नाहीत, म्हणून अंदाजाने जरा जास्तच पडतं. पण पूर्वजांनी ताटात मीठ वेगळं वाढून ठेवलंय ना? मग स्वयंपाकात हात आखडता घ्यायला हरकत काय! ज्याला लागेल तो चिमूटभर घेईल. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, तोही दिवसभराचा. नैवेद्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे चव तेल-मिठातूनच काढायची सवय लागते. त्याऐवजी आलं, जिरं, धणे, तिळाचं कूट, कोकम, कढीपत्ता यांना कामाला लावा.

सहावं, भजी. होतील. माणशी दोन, गरम, पंगतीतच. टोपलीभर तळून डब्यात भरणं नाही. कुरडई नैवेद्यापुरती.

सातवं, वाढायचा क्रम. पहिल्या वरणभाताची मूद छोटी. मग सगळ्यांनाच आधी कोशिंबीर आणि भाज्यांचा आग्रह, पुरणपोळी नंतर. भाजी आधी आणि पोळी-भात नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी वेगाने चढते, असं अभ्यासांत दिसलंय. बाबा अर्धी पुरणपोळी घेणार आहेत, हे त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलंय, मी नाही. तुमच्या घरीही ज्याचं पथ्य आहे त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आपलं काम एवढंच, की उरलेल्या ताटात त्याला मोकळेपणाने हात घालता यावा.

आणि शेवटचं: बावीस केळीची पानं. स्टीलचं ताट नाही.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवीला चालेल का रे एवढं कमी तेल?" मी काही उत्तर देणार, तेवढ्यात बाबा हॉलमधून म्हणाले, "अगं, तिची लेकरं निरोगी राहिलेली तिला चालणार नाहीत होय?" आई हसली. या विषयावर ते दोघं एकत्र हसलेले मी वर्षभरात पहिल्यांदा बघितले.

आजचा अभ्यास

या सणात तीन गोष्टी करून बघूया.

१. तुमच्या पंगतीत कुणाला वेगळं खावं लागतं? आजी, काका, वहिनी, मित्र? त्यांना आधीच, एकटं असताना विचारा: "तुम्हाला काय काय चालतं?" पंगतीत सगळ्यांसमोर विचारू नका.

२. त्यांना चालेल अशी एक भाजी किंवा कोशिंबीर सगळ्यांसाठी करा. तिला पथ्याची भाजी म्हणू नका. नुसतं वाढा.

३. जी घरात राबते, तिच्या हाताखाली एक तास काम करा. भाज्या निवडा, चिरा, नारळ खवा. सल्ला त्यानंतर द्या. मी उलट केलं होतं.

प्रार्थना

हे भगवंता, माझ्या काळजीतला अहंकार मला दाखव. माझ्या हातून वाढलेलं अन्न कुणाच्या मनाला कोरडं लागू नये. तुझ्यापुढचं पान आणि माझ्या माणसांपुढचं पान एकच असू दे.

भाजी शिजली बहुतेक, चिंचेचा वास इथपर्यंत आलाय. बाबा पाटावर बसलेसुद्धा, हाक मारतायत. जातो.

राम कृष्ण हरी.